डोळ्यांखाली जळवा

निपाणीत मला बघायला पहिली मंडळी आली, तेव्हा मुलाच्या आत्यानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि पोरगी रडकी दिसते, असा निकाल दिला. मी रडले नव्हते. डोळ्यांखालच्या फुगीर पिशव्या मला जन्मापासूनच होत्या, हुबेहूब माझ्या आप्पांसारख्या. फरक एवढाच, की आप्पांना बघून तंबाखूच्या बाजारातले लोक भारदस्त माणूस म्हणायचे.

मंडळींचा नकार आला आणि घरात माझ्या तोंडावर उपचार सुरू झाले. आईनं चंदन उगाळून लावलं, बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, माझं मीठ तोडलं. मी अळणी आमटी गिळायची आणि आप्पा शेजारी बसून झणझणीत खर्डा खायचे. कशानंच फरक पडेना, तेव्हा त्यांनी बेळगावहून वैद्य आणला. त्यानं मला सोप्यात बसवून दोन्ही डोळ्यांखाली जळवा लावल्या. चुलतीनं माझे हात दाबून धरले होते. सूज तर उतरली नाहीच, उलट डावी जखम पिकून कायमचा वण राहिला. पोरीचं रक्तच वाईट, असं सांगून वैद्य मोकळा झाला. आप्पांनी त्याला मानानं गाडीत बसवून दिलं.

शेवटी येळ्ळूरच्या एका बिजवराला मला दिली. त्या घरी माझ्या डोळ्यांची चौकशी कुणी केली नाही. माणूस चांगला निघाला, पण त्यात माझ्या माहेरचं काही कर्तृत्व नव्हतं.

काही वर्षांनी पंचमीला माहेरी आले, तर सोप्यात तोच वैद्य, आणि त्याच्यासमोर माझी धाकटी बहीण. तिचेही डोळे आप्पांचेच. मला बघून ती हळूच म्हणाली, "आक्का, लई दुखतं काय गं?"

मी तिला हाताला धरून उठवलं आणि वैद्याला निघायला सांगितलं. थोरल्यांत तोंड घालू नको, असं आप्पा म्हणाले. मग मात्र मला राहवलं नाही.

"आप्पा, ह्ये डोळं तुमचं हायत. आधी तुम्ही बसा जळवा लावून."

आप्पा शेताकडं निघून गेले. जन्मात त्यांचा शब्द न मोडलेल्या आईनं वैद्याची पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली.

बहिणीचं लग्न पुढं खानापूरकडं झालं, आहे त्या डोळ्यांनिशी. वैद्यावरचा माझा राग केव्हाच निवला. पण रोज आरशात तेच डोळे बघून फेटा बांधणाऱ्या माणसानं लेकीला जळवा लावायला बसवलं, हे मला अजून पचत नाही.