स्वयंपाकघराची वेगळी वायर

आमच्या घरात टीव्ही येऊन वीस वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी वर्षं मी तो नुसता ऐकला. टीव्ही पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत सासऱ्यांचा पलंग. सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या तापीकाठच्या घराची रीत. शहाद्याच्या कॉलेजात शिकलेल्या सुनासुद्धा उंबऱ्यापाशी आल्या की पदर पुढे ओढतात. मला या रितीचा राग यायचा, असं खोटं सांगणार नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यातच राहत होते, वेगळी अशी ती दिसलीच नाही. मालिकेत कोण रडतंय हे मी चुलीपुढे बसून आवाजावरून ओळखायची.

सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्यावर ते काम माझ्या मुलीकडे आलं. "बाबा, आई विचारतेय, भाकरी टाकू का?" असं ती म्हणायची, आणि मी दाराआड चार हातांवर उभी. सासऱ्यांना घरात सगळेच बाबा म्हणतात. बाबा उत्तर तिलाच द्यायचे, पण जरा मोठ्यानं, म्हणजे मला ऐकू जावं. मुलीला याचं फार हसू यायचं. घरात बाकी कुणाला यायचं नाही.

ही मुलगी खो-खोत निघाली. शाळेतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, आणि गेल्या हिवाळ्यात थेट राज्याच्या संघात. तिचा सामना सरकारी वाहिनीवर दाखवणार होते. बाबांना हे पसंत नव्हतं. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पोरनी जात, चड्डीवर पळी, आनि सारं गाव दखी." नवरा खाली मान घालून ऐकत राहिला, पण त्यानं मुलीची बॅग भरून दिली, तेवढं मात्र केलं. मी तिला शहाद्याच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना ती म्हणाली, "आई, तू बघशील ना? ऐकू नको. बघ."

झालं. मी हट्टाला पेटले.

दिवाळीला पुढच्या खोलीत मोठा टीव्ही आला होता आणि जुना कपाटावर पडून होता. तो मी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वरच्या फळीवर मांडला आणि शहाद्याहून डिशवाल्याला बोलावलं. त्यानं पुढच्या खोलीतल्या सेट-टॉप बॉक्सच्या मागून एक लांब वायर काढली, खिडकीतून आत घेतली, टीव्हीला जोडली. चित्र आलं. मी त्याला चहा दिला, वर शेव दिली. दोन दिवस मी पोळ्या लाटत टीव्ही बघितला आणि जग जिंकल्यासारखी वावरले. तिसऱ्या दिवशी मी लाटणं हातात धरून बातम्या बघत होते, आणि समोर एकदम कीर्तन सुरू झालं. पुढच्या खोलीत बाबांनी चॅनल बदललं होतं. ते जे बघतील तेच मला दिसणार, रिमोट त्यांच्या उशाशी.

डिशवाल्याची यात काही चूक नव्हती. त्यानं विचारलं होतं, "वहिनी, वेगळा बॉक्स पाहिजे का?" आणि मीच म्हणाले होते, "वेगळा कशाला? घर एकच आहे ना." स्वयंपाकघराला काही निराळं बघावंसं वाटेल हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं, तसं माझ्याही आलं नव्हतं. स्वतःचाच संताप मला फार दिवसांनी आला.

दुसरा बॉक्स आणला. डिशवाल्यानं एकाच वायरीला दोन फाटे फोडणारी छोटी पितळी डबी लावली. आता तर आणखी तमाशा. बाबांनी एक चॅनल लावलं की माझी निम्मी चॅनलं गायब, मी माझं लावलं की तिकडून "काय व्हयनं रे टीवीले" असा आवाज. डिशवाला म्हणाला, "गच्चीवरच्या छत्रीच्या तोंडावर डबा असतो ना, त्याला एकच तोंड आहे. तो एका वेळी एकाच बॉक्सचं ऐकतो." मी म्हटलं, मग त्याला तोंडं वाढवा. असा डबा मिळतो हे तेव्हा कळलं. दोन तोंडांचा मिळतो, चारांचाही मिळतो. मी चारांचा मागवला. एक वायर पुढच्या खोलीला, एक स्वयंपाकघराला, एक आमच्या खोलीला, उद्या तिथे टीव्ही आला तर. चौथं तोंड राहू दे म्हटलं, घरात पुढे कुणाला अक्कल आली तर.

वायरी मीच ओढल्या. डिशवाल्याला दुसऱ्या गावाला जायचं होतं आणि मला थांबायचं नव्हतं. त्यानं एकदा दाखवलं, मी बघून घेतलं. वरचं काळं साल सोलायचं, आतली जाळी मागे दुमडायची, मधली तांब्याची तार तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ठेवायची, आणि जाळीचा एक केसही तिला टेकता कामा नये. भाजी चिरायच्या सुरीनं मी सहा टोकं सोलली, त्यातली दोन बिघडवली, परत सोलली. पावसाचं पाणी वायरीवरून घरात उतरू नये म्हणून भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा, हेही शिकले. नवरा म्हणाला, "हे काय काढलंस?" मी म्हटलं, धर ती शिडी.

सामना गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. बुधवारी दोन्ही टीव्हींवर दोन वेगळी चॅनलं लागली होती.

आणि मग मी माती खाल्ली. गच्चीवर वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. दव पडतं म्हणून त्यांच्यावर ताडपत्री ओढली. तिचे तीन कोपरे दगडाखाली दाबले, चौथ्याला दगड उरला नाही, तो बांधला छत्रीच्या दांड्याला. गुरुवारी दुपारी वारा सुटला. ताडपत्री फुगली आणि छत्रीला फिरवून बसली. चार वाजता टीव्ही लावला तर काळा पडदा आणि "सिग्नल नाही".

नवरा आणि दीर कापूस घेऊन शहाद्याला गेलेले. डिशवाला फोनवर म्हणाला, "उद्या सकाळी येतो." उद्या सकाळी मला काय त्याची पूजा करायची होती? पाना घेतला, पदर खोचला आणि गच्ची गाठली. ताडपत्री सोडली, नट सैल केला, छत्री बोटभर फिरवली, खाली उतरून टीव्ही बघितला. नाही. परत वर, परत बोटभर, परत खाली. छत्री बसवायला दोन माणसं लागतात हे कुणालाही ठाऊक आहे. एक वर फिरवणार, एक खाली टीव्हीपुढे ओरडणार. मी एकटीच दोन्ही करत होते. सहाव्या फेरीला साडेचार होऊन गेले.

तेवढ्यात अंगणात बाबा आले. त्यांचाही टीव्ही गेला होता. त्यांनी हातपंपाकडे बघून म्हटलं, "मन्हा टीवी बंद पडी गया." घरात निरोप्या कुणी नव्हतं. मी वर, सासऱ्यांच्या डोक्यावर, पदर खोचलेली. इतकी मेल्याहून मेल्यासारखी मी कधी झाले नव्हते. पण पाना काही हातातून सोडला नाही.

त्यांनी वर बघितलं, मग स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत बघितलं. आतल्या टीव्हीवर सिग्नलची पट्टी लावून ठेवली होती, सिग्नल आला की लालची हिरवी होणारी. चोवीस वर्षांत ते त्या दारापाशी आले नव्हते. ते आले, चौकट धरून उभे राहिले आणि हातपंपालाच म्हणाले, "लाल शे."

मी छत्री जरा उगवतीला ढकलली.

"लालच शे."

जरा मावळतीला.

"हिरवं उनं. गयं. पुढे गयी ती."

म्हणजे हिरवं येऊन गेलं. छत्री मागे घेतली. पट्टी हिरवी आहे एवढं कळून भागत नाही, आकडा लागतो. आकडा त्यांनी सांगितला नाही आणि मला विचारायला तोंड नव्हतं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. माझी मुलगी कुठल्यातरी मैदानावर बुटाच्या नाड्या बांधत असेल, आणि मी इथे एका आकड्यासाठी रीत सांभाळत उभी. मी विचारलं, "किती?"

खाली बाबांनी मान दारातून आत घातली. मग, "चाळीस."

"आते?"

"बावन्न."

"आते?"

"सत्तर. थांब. आते हालू नको."

मी नट आवळला. खाली आले तेव्हा चित्र स्वच्छ होतं. पुढच्या खोलीतून कीर्तनाचा आवाजही सुरू झाला होता, म्हणजे बाबांचं काम झालं होतं. मी पदर ओढून चुलीच्या बाजूला सरले, त्यांना जायला वाट दिली. ते गेले नाहीत. भिंतीला टेकवलेला पाट त्यांनी ओढला आणि दारातच बसले. पुढच्या रिकाम्या खोलीत कीर्तन चालू राहिलं.

मी चॅनल लावलं. सामना सुरू झाला. पहिली काही मिनिटं मुलगी दिसलीच नाही, पाठमोऱ्या रांगेत बसलेली. मग तिला खो मिळाला आणि ती उठली. तिला मी बघितली. घरात दप्तर फेकणारी, भांडी घासताना कुरकुरणारी माझी पोर पुढच्या मुलीच्या मागे अशी धावली की माझा ऊर भरून आला. पुढची मुलगी खांबाला वळसा घालून निसटणार, एवढ्यात हिनं खांबाला धरून सूर मारला. हात लागला, गडी बाद झाला, आणि ही हनुवटीवर आपटली.

बाबा पाटावरून अर्धे उठले. हातपंपाकडे नाही, भिंतीकडे नाही, सरळ माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "लागनं काय तिले?"

"नही बाबा," मी म्हटलं. "ती अशीच पडस. मीच शिकाडं तिले."

"तू?"

"मी बी खेळेल शे. लगीननं पहिले."

माझ्या सासरी हे कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही अर्धवटच. नववी-दहावीत मी शाळेच्या संघाची कप्तान होते, काळ्या मातीत अनवाणी, बाभळीचे खांब रोवून खेळायचो आम्ही. मग सोयरीक जमली आणि ते कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं, आणि सांगणार तरी कोणामार्फत?

बाबांनी पडद्याकडे बघितलं. मुलगी उठून, अंग झटकून परत रांगेत जाऊन बसली होती. मग त्यांनी पाट जरा बाजूला सरकवला आणि समोरच्या जागेकडे हात केला.

"माले काही समजत नही हाऊ खेळ," ते म्हणाले. "नीट समजाडी सांग."

मी त्यांच्यासमोर बसले. "आठ बठतस," मी म्हटलं, "आनि एक पळस."