मैदानावर सात गाड्या

पौषातल्या सकाळी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळू लागलं की एक निळसर, गोडसर, किंचित घशाला झोंबणारा धूर उठतो. थंड हवेत तो वर न जाता गुडघ्याच्या उंचीवर रेंगाळत राहतो, आणि रोह्याबाहेरच्या त्या मैदानावर, कापणी झालेल्या भातखाचरांत उगवून आलेल्या कोवळ्या वालाचा हिरवा, दमट गंध त्यात मिसळला की मला वाटायचं, आता खरा हिवाळा आला. माझ्या ओळखीच्या बायकांचा हिवाळा शेतात वालाच्या शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्यातून, त्यात घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासातून येतो. माझा मोटरसायकलींच्या धुरातून येत असे, कारण त्या मैदानावर दरवर्षी भरणारं जुन्या मोटरसायकलींचं प्रदर्शन माझ्या थोरल्या भावाचं, नानाचं होतं.

नाना उभी हयात धाटावच्या एका कंपनीत फिटर होता, घर निडीला. तरुणपणी त्याने आणि सदा नावाच्या त्याच्या कंपनीतल्या मित्राने, जुन्या मोटरसायकली जिवापाड जपणाऱ्या चार माणसांना एका रविवारी बोलावलं, आणि तो रविवार मग दरवर्षी येऊ लागला. माणगाव, महाड, अलिबागकडून माणसं यायची. पहिली शिफ्ट सुटली की कामगार अंगाला रसायनांचा उग्र दर्प घेऊन थेट मैदानावर उतरायचे, कारण प्रदर्शनाचा गाभा दुपारी असे. नाना गाड्यांकडे पाठ करून खुर्चीवर बसायचा, सदा त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधायचा, मागे एकेक गाडी किक मारून सुरू केली जायची, आणि नाना केवळ आवाजावरून गाडी कुठली, किती जुनी, एवढंच नव्हे तर मालकाने तिची चेन किती महिन्यांत ताणलेली नाही, तेसुद्धा सांगायचा. मैदान खदखदून हसायचं, मालक लाजायचा, आणि मी, पेणच्या शाळेत मराठी शिकवणारी एक साधी बाई, त्या खुर्चीतल्या माणसाची बहीण म्हणून दिवसभर मिरवायचे.

गेल्या काही वर्षांत नानाचे कान गेले. हळूहळू गेले, एखाद्या तळ्याचं पाणी आटावं तसे. कडा उघड्या पडल्या तेव्हाच आम्हाला कळलं. कानात घालायचं मशीन आणलं होतं, ते त्याने चार दिवसांत कपाटात ठेवलं. "त्यात सगळ्या गाड्या सारख्याच वाजतात गो," एवढंच म्हणाला. डोळ्यांवर पंचा बांधणं त्या वर्षापासून बंद झालं. कुणी आग्रह केलाच तर तो हसून हात झटकायचा, आता नव्या पोरांनी करावं म्हणायचा.

पण नवी पोरं कुठे होती! यंदा मी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते आणि मैदानावर सात गाड्या उभ्या होत्या. मी दोनदा मोजल्या. मांडव नेहमीएवढाच घातलेला, त्यामुळे त्या सात गाड्या लग्न मोडलेल्या घरातल्या पाहुण्यांसारख्या अवघडून उभ्या दिसत होत्या. क्रोमवर ऊन चमकत होतं, पण त्या चमकण्याकडे बघायला कुणी नव्हतं. रस्त्यावरून बॅटरीच्या स्कूटर निःशब्द सरकत होत्या. एक जोडपं थांबलं, गाडीला टेकून फोटो काढला, मायलेज विचारलं आणि उत्तर मिळायच्या आत निघून गेलं. सदाचा स्वतःचा मुलगा मित्रांबरोबर समुद्रावर गेला होता. तिथे वाळूत उड्या मारत पळणाऱ्या, जाड चाकांच्या चारचाकी मोटरसायकली भाड्याने मिळतात. त्याची चूक काय होती? आपल्या काळाची धाव ज्याला जिथे सापडते तिथे तो जातो. तरीही सदाने हे सांगताना खाली पाहिलं.

दुपारी चहाच्या टेबलाजवळ सदा आणि आणखी दोन जुने सोबती माझ्याभोवती उभे राहिले. सदाने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"ताई," सदा शेवटी म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून बंद करायचं ठरवलंय आमी. मानसंच नाय येत. तुमी सांगा नानाला."

"मी? तुम्ही का नाही सांगत?"

"आमी सांगायचं तर वरडून सांगावं लागंल हो," सदा नानाकडे बघत म्हणाला. "हितं, सगल्यांसमोर. कसं वरडायचं?"

मी पलीकडे पाहिलं. नाना एका गाडीच्या टाकीवरून मऊ फडकं फिरवत होता, तिचा मालक त्याला काहीतरी सांगत होता, आणि न ऐकलेल्या त्या शब्दांना नाना अतिशय सौजन्याने मान डोलवत होता. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जाईल असा आवाज मी वर्षानुवर्षं कमावला आहे. तो त्या क्षणी माझ्या कामाचा नव्हता.

उन्हं कलल्यावर नाना मला त्याच्या मोटरसायकलवरून निडीच्या स्टेशनवर सोडायला निघाला. मी मागे, एका अंगाला पाय सोडून बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वालाचे वेल, मधूनच पेंढ्याच्या उडव्या, आणि सगळ्यावर पसरलेला तो पिवळा, थकलेला प्रकाश. वारा कानांत शिरत होता. भर वेगात, इंजिनाच्या त्या धडधडीत, मी माझ्या नेहमीच्या आवाजात त्याच्या पाठीला सगळं सांगून टाकलं: नाना, प्रदर्शन संपलं, पुढच्या वर्षी नाही. सांगितलं म्हणजे माझं काम झालं, अशी स्वतःची समजूत मी घातली, आणि लगेच मला त्या भ्याडपणाची लाज वाटली.

स्टेशनवर त्याने गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"प्रदर्शन बंद, असं सदानं तुला सांगायला लावलं ना?"

मी पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"कान गेलेत गो बाय, डोळे नाय. सकाळपास्नं माझ्याकडं बघत नव्हता तो." त्याने हातमोजे काढून एकावर एक ठेवले. "बत्तीस वर्सं एका मशीनवर काम केलं आमी दोगांनी. त्यानं येऊन माझ्यासमोर उभं राहायचं व्हतं. मला कळलं असतं."

"नाना, पुढच्या वर्षी..." मी म्हणाले.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "पुढच्या वर्सी मी एकटा जाईन," तो म्हणाला. "मांडव नको, काय नको. गाडी लावीन आनी बसीन. तू येशील?"

मी मान हलवली. का हलवली, कुणास ठाऊक. रिकाम्या मैदानात एकटा बसलेला तो मला तेव्हाही, नुसता मनात आणूनसुद्धा, बघवत नव्हता. पण नाही म्हणण्याचं बळही माझ्यात नव्हतं, आणि त्याला दुसरं काही द्यावं असं माझ्यापाशी काहीच नव्हतं.

आगगाडी आली. मी खिडकीशी बसले. फलाटापलीकडे तो मोटरसायकलवर बसून किक मारत होता. त्याचा पाय खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. डब्याच्या खडखडाटात मला काहीच ऐकू येत नव्हतं. एक शिरीषाचं झाड आड आलं, मग शेतं सुरू झाली. मोटरसायकल सुरू झाली की नाही, मला कळलं नाही. आणि ती सुरू झालेली नानाला तरी आता कशावरून कळत असेल, हे इतक्या वर्षांत मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.