बटणावरची पिवळी वायर

काकूंनी पदवी घेतली तेव्हा त्यांच्या आताच्या वर्गातली निम्मी पोरं जन्मलीही नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं परीक्षानळ्या विसळल्यावर बाईंना हुक्की आली ती इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅट्रॉनिक्सच्या पदविकेची. "आधी घरचा मिक्सर सुरू कर," नवरा म्हणाला. त्यांनी केला. तो उलटा फिरला, ही बातमी संध्याकाळच्या आत शेजारीपाजारी पोचली.

आज प्रात्यक्षिकाची शेवटची संधी. पास झाल्या तर कारखान्याच्या दुरुस्ती विभागात जागा ठरलेली. नापास झाल्या तर जन्मभर नळ्या. वीस मिनिटांत यंत्रहाताने आठ लोखंडी चकत्या उचलून खोक्यात ठेवायच्या. मध्येच बंद पडला तर पहिल्यापासून.

पाच चकत्या झाल्या. टकलू परीक्षक खूश. "सातवीला मी लाल बटण दाबून आत हात घालणार. बघू थांबतं का!"

काकूंची नजर बटणाकडे गेली. सकाळी बटणाचा स्क्रू ढिला होता, यंत्र सारखं अडत होतं. म्हणून त्यांनी बोटभर पिवळी वायर जोडून वीज बटणाला वगळून थेट नेली होती. तात्पुरती! या धंद्यात सगळेच जोडतात आणि सगळेच काढायची विसरतात. आता बटण दाबलं तरी यंत्र थांबणार नव्हतं.

सहावी चकती खोक्यात पडली.

"काकू, गप्प बसा," शेजारची जोडीदारीण कुजबुजली. "ते हात मागे घेतील."

"आणि नाही घेतला तर? मनगटाचा भुगा होईल गं!"

परीक्षकांनी बाही वर सारली. काकूंनी प्लगच उपटला.

"काय केलंत हे?"

"बटण निकामी आहे, साहेब. मीच केलंय. वायर काढायची राहिली."

परीक्षकांनी आधी मनगट पाहिलं, मग मनगटावरचं घड्याळ. "तेरा मिनिटं उरलीत. पहिल्यापासून."

स्क्रू आवळताना पेचकस दोनदा घसरला. वायर निघाली, यंत्र सुरू झालं. एक, दोन, तीन... जोडीदारीण नखं खात होती. सातवीला परीक्षकांनी बटण दाबलं. यंत्रहात हवेत जागच्या जागी थबकला.

"घाला ना हात, साहेब," काकू म्हणाल्या.

"नको, दिसतंय की इथूनच," म्हणत साहेबांनी हात खिशात घातला आणि बटण सोडलं.

आठवी चकती पडली तेव्हा अकरा सेकंद शिल्लक होते.