लिफ्टमध्ये न मावणारा टीव्ही

तात्या आमच्या भावकीतला, पण शहरात लिफ्टा दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. सगळ्या गावाला वर चढवलं आणि आपण तळमजल्यालाच राहिलो, असं तो हसत सांगायचा. हसला की वरच्या बाजूला नुसत्या हिरड्या दिसायच्या. कवळी बसवायचं ठरलं होतं, तेवढ्यात टीव्ही मधे आला.

झालं असं, की लग्नानंतर पोरगा वेगळा राहायला गेला. लांब नाही, त्याच शहरात, एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. पण येणं सुटलं. रविवारी फोन केला की म्हणायचा, मित्राकडे गेम खेळतोय, त्याच्याकडे काय भारी टीव्ही आहे. आईचे गुडघे आणि बापाचा खोकला, यात त्याला कसली गोडी? तात्यानं मनाशी धरलं, पोरगं टीव्हीपायी दुसऱ्याच्या दारात जातं ना, मग टीव्हीच आपल्या घरी आणू.

कुठला चांगला, हे पोराकडूनच गोडीगुलाबीनं काढून घेतलं आणि तात्या दुकानात गेला. तिथल्या विक्रेत्यानं अंधारातला एक सीन लावला आणि काळा रंग कसा कोळशासारखा दिसतो, सिनेमाला असाच लागतो, गेममध्ये बटण दाबलं की चित्र तिथल्या तिथं कसं हलतं, हे सगळं घोळून घोळून सांगितलं. तात्यानं मुकाट ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोकं केवढं येतं?"

विक्रेता म्हणाला, काका, खोक्याचं काय घेऊन बसलात, भिंत केवढी आहे ते सांगा. तुमच्या खोलीला मधला बास, मोठा घेतलात तर मान मोडेल. तात्यानं खिशातला टेप काढला, आधी खोकं मोजलं, मग टीव्ही मोजला, आणि मोठाच घेतला.

पोराच्या बिल्डिंगची लिफ्ट वर्षानुवर्षं तात्याच्याच हाताखाली होती. तिच्यात काय मावतं, जिन्याच्या वळणावर काय अडकतं, हे त्याला पाठ होतं. मधला टीव्ही पोरानं काखेत मारून नेला असता. हा खोक्यातून काढून तिरका केला तरी वर जाणार नव्हता.

बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "तोंडात दात नाहीत आणि भिंतीएवढा टीव्ही. स्वतःच्या पोराला सापळा लावताय होय?"

"लावतोय. तुला पोरगं बघायचंय का नाही?"

ती कपाट सरकवायला लागली.

मग तात्यानं फोन केला. "तुझ्यासाठीच घेतलाय. तुझाच समज."

पोरगा धावत आला. बघून हरखला, आणि पहिल्या झटक्यात म्हणालाच, घरी घेऊन जाऊ का? तात्या साळसूदपणे म्हणाला, ने की. पोरानं जाऊन लिफ्ट मोजली, जिना मोजला आणि हात टेकले. तिथून पुढं दर रविवारी यायला लागला.

यायचा, कानावर हेडफोन चढवायचा आणि पाठ करून बसायचा. आई शेजारी ताट ठेवायची, ते तो न बघता संपवायचा. तात्या मागच्या खुर्चीत बसून पोराची मान बघत राहायचा. दिवसभरात बोलणं एवढंच, बाबा, जरा पडदा ओढा. तरी गडी खूश. भावकीत फोन लावून सांगत सुटला, पोरगं दर रविवारी येतं म्हणून. मलाही आला होता तो फोन.

एका रविवारी पोरगा टेम्पो घेऊन आला. सासऱ्यांनी हॉल वाढवलाय म्हणाला, घर तळमजल्याला आहे, मेहुणापण खेळतो. "तुम्हाला दोघांना काय, बातम्या तर बघायच्या. आणि बाबा, तुम्हीच म्हणालात ना, माझाच समज म्हणून."

पोरानं आणि टेम्पोवाल्यानं टीव्ही उचलला आणि आडवा घालायला लागले. तात्या पुढं झाला. "आडवा नको रे, उभा धरा. काच आहे." दोरीही त्यानंच आवळली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

पुढं व्याह्यांनी दोघांना जेवायला बोलावलं. हॉलमध्ये पोरगा मेहुण्याच्या खांद्याला खांदा लावून खेळत होता. ओरडत होता, मेहुण्याला शिव्या घालत होता, मधेच सासूची थट्टा करत होता. आपलं पोरगं एवढं बोलतं, हे तात्याला ठाऊकच नव्हतं.

व्याह्यांनी तात्याला मोठ्या सोफ्यावर बसवलं आणि कौतुकानं टीव्हीकडे बोट दाखवलं. जावईबापूंनी आणला म्हणाले. काळा रंग बघा कसा उठून दिसतो. तात्यानं बघितला. पोराचा आवाज जरा उतरला, पण नजर पडद्यावरून हलली नाही.

"तुमच्याकडे कुठला आहे?" व्याह्यांनी विचारलं.

तात्याची बायको त्याच्याकडेच बघत होती. त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आहे एक जुना," तो म्हणाला. "आम्हाला दोघांना एवढा मोठा काय करायचाय?"