शिरूरच्या आप्पांची गाडी

आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. दौंडहून निघून सकाळी सातच्या आत पुण्याला पोचलो, तरच मशीन मिळायचं. मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. आईसाठी म्हणूनच सेकंडहँड डिझेल गाडी घेतली होती. कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल इंजिनं तेव्हा आमच्याकडे नवीनच होती. गाडी चांगली होती, फक्त एसी लावला की पाटसच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर ओलांडताना दम खायची.

पुण्यात एक जण लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवून देतो, असं कळलं. आईला लवकर पोचवता येईल, असं मी घरी सांगितलं. खरं तर पळणारी गाडी मलाच हवी होती. त्यानं स्टिअरिंगखाली वायर जोडली. इंजिनात डिझेल किती आणि कधी सोडायचं हे ठरवणारा कंपनीचा प्रोग्रॅम पुसला आणि स्वतःचा भरला. जुन्याची कॉपी ठेवली का, हे मी विचारलंसुद्धा नाही. येताना गाडी अशी सुटली की पाठ सीटला चिकटली. गाडीत एकटाच होतो, तरी हसत होतो.

महिन्याभरानं, एका शुक्रवारी, यवतच्या अलीकडे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मागं काळा धूर निघाला आणि गाडी चाळीसच्या वर जाईना. बंद करून परत चालू केली की दोनेक किलोमीटर धड चालायची, मग पुन्हा तेच. आईच्या अंगात तीन दिवसांचं पाणी साठलेलं. तिला धाप लागली होती. काच खाली करून ती तोंड वाऱ्याला धरून बसली.

"काय झालं रं?"

"काय न्हाई. डिझेलमधी कचरा आला आसल."

हॉस्पिटलात पोचायला नऊ वाजून गेले. मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. दुपारी एकपर्यंत आई बाकावर बसून राहिली. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून मी तिला पाठीमागून धरून उभा होतो.

लॅपटॉपवाल्याच्या दुकानाला कुलूप होतं आणि फोन बंद. सर्व्हिस सेंटरवाल्यानं गाडी तपासली. "ह्यातलं सॉफ्टवेअर आमचं नाही. आम्ही हात लावणार नाही. पूर्ण कॉम्प्युटर बदला. यायला तीन आठवडे लागतील," तो म्हणाला. तीन आठवडे म्हणजे सहा फेऱ्या. मंगळवारी शेजाऱ्यांची जीप मिळाली. शुक्रवारी रेल्वेनं गेलो. परतताना आईच्या पायात गोळे आले. डब्यातल्या बायकांनी उठून तिला आडवं केलं. ती ओठ दाबून पडून होती आणि मला कुठं बघावं कळत नव्हतं.

मला गाडी विकणाऱ्या एजंटानं सांगितलं, त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी शिरूरला एका निवृत्त ग्रामसेवकांकडे आहे. तिथंच टीव्ही आणि कारखान्यातल्या मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणारा एक जण होता. तो फोनवर म्हणाला, "तशाच गाडीतनं कंपनीचा प्रोग्रॅम वाचून घेता आला, तर तुमच्यात टाकू."

दुसऱ्या दिवशी मी रखडत, न्हावऱ्यावरनं शिरूरला गेलो. ते ग्रामसेवक, आप्पा, ओट्यावर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. माझ्या हौसेचंही सांगितलं. घरी हे कुणालाच बोललो नव्हतो.

"म्हंजी माझ्या गाडीचा कॉम्प्युटर खोलायचा?"

"व्हय, आप्पा."

"आन् माझी बंद पडली तर?"

न्हाई पडायची, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण तशी खात्री मी आता कुणाला देऊ शकत होतो? "पडू शकती," मी म्हणालो. "खोटं न्हाई सांगत."

त्यांनी पेपर पुन्हा उघडला. मी पायात चपला सरकवल्या. तेवढ्यात दारातून त्यांच्या मंडळींनी विचारलं, "आईला आता किती दिसांनी न्यायचंय?"

"परवा."

आप्पा आत गेले आणि चावी घेऊन आले. मी दुरुस्तीवाल्याला फोन करून तिथंच बोलावलं.

दोन तास त्यांची गाडी बॉनेट उघडून उभी होती. आप्पा स्टुलावर बसून दुरुस्तीवाल्याच्या हाताकडे बघत राहिले. चहा आला, तो तसाच निवला. त्यांची गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. माझी चालू व्हायला अजून तासभर गेला. पिवळा दिवा विझला. आप्पा म्हणाले, "जावा आता. उशीर करू नका."

मंगळवारी आम्ही वेळेत पोचलो. आई त्यानंतर सात महिने होती. शेवटी तिच्या हृदयानं साथ सोडली. त्या शुक्रवारच्या उशिरानं काही बिघडलं का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. असं एका दिवसावर बोट ठेवता येत नाही, ते म्हणाले. मी मान हलवली आणि कागद घेऊन बाहेर आलो. डिझेलमधल्या कचऱ्याचं खोटं मात्र आईजवळ तसंच राहिलं. खरं सांगायला सात महिने होते.