बिनव्याजी प्रोफेसर

व्याजाशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या सोलापुरात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. कॉलेजात मी हिशेब शिकवायचो, हे गृहस्थ अर्थशास्त्र. पोरांनी त्यांचं नाव 'बिनव्याजी प्रोफेसर' ठेवलं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी व्याजाचं प्रकरण ते असं शिकवायचे की त्यात कुणी नापास होत नसे. शेवटी खडू खाली ठेवून म्हणायचे, "हे परीक्षेपुरतं. घरी नेऊ नका." बँकेत तर त्यांना बघितलं की कारकून चहाला पळायचा. खात्यावर जमा झालेलं व्याज काढून टाका म्हणून हे हटून बसायचे आणि तो बिचारा काकुळतीला यायचा, "अवो सर, काढायला रकानाच न्हाई की!" मग ती रक्कम कुणा गरजूच्या हातावर ठेवायची, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच नाटक.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. व्याज हराम मानणाऱ्या इस्लामच्या तत्त्वांवर बिनव्याजी बँक कशी चालेल, या विषयात पीएच.डी. तेवढी एक झाली की मी सुटलो, म्हणायचे. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास त्यांनी अर्ज केला, तेव्हा विद्यापीठातल्या समितीनं तो परत पाठवला. या विषयावर वाचायला साहित्यच नाही, तर संशोधन कशावर करणार? "बरोबर हाय की," प्रोफेसर मला म्हणाले. "कुणी लिहिलं न्हाई म्हणून तर मी लिहितोय ना, सर!"

त्यानंतर त्यांनी जगभर पत्रं धाडायचा सपाटा लावला. पहिलं वर्ष कोरडं गेलं. मग अलीगढहून सायक्लोस्टाइल केलेले चार कागद आले, तर त्या दिवशी घरात बिर्याणी. पुढं कराची, जेद्दा, इंग्लंड, कुठून कुठून निबंध यायला लागले. परदेशात या विषयाच्या परिषदा भरू लागल्या, मासिकं निघाली. आधी पाकिटात मावणारा विषय पुढं पार्सलात मावेना. "सर, एक शाळाच काढा आता," पोस्टमन वैतागून म्हणायचा. प्रोफेसर मात्र नात्यात पोरगं झाल्यासारखे खूश. प्रत्येक निबंधाला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं आणि तो ट्रंकेत जायचा. एक ट्रंक भरली, मग दुसरी आणली.

नुसत्या वाचनावर भागेल तर ते प्रोफेसर कसले! आपल्याकडे शेळी निम्म्यानं पाळायला देतात. शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, करडं दोघांत निम्मी. ही बिनव्याजी बँकच आहे, असं म्हणून त्यांनी खरोखरच एक शेळी विकत घेतली आणि जवळच्या कुंभारी गावातल्या एका धनगराला दिली. दर रविवारी सायकलवरून शेळीला भेटायला जायचे. आणि पावसाळ्यात ती रोगानं मेली. धनगर रडकुंडीला येऊन दारात उभा. "सायेब, माजी काय चूक न्हाय वो!"

"तुझं काय गेलं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"राबणूक गेली की."

"आणि माझं?"

"तुमची शेळी गेली."

"शाब्बास!" म्हणून यांनी त्याला मिठीच मारली. भांडवल ज्याचं, तोटा त्याचा! पुस्तकातलं वाक्य दारात चालत आलं होतं. त्यांच्या घरच्या भाभी भिंतीपलीकडून माझ्याकडे फिर्याद करू लागल्या, "देखो भाईसाब, बकरी मरी और इनो पेढे बाँटते!" पेढे मीही खाल्ले.

अठ्ठ्याहत्तरला त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि समितीनं भेटीला बोलावलं. मागच्या खेपेला साहित्य नाही म्हणाले होते ना? मग आता बघाच, म्हणून या पठ्ठ्यानं दोन्ही ट्रंका एस.टी.च्या टपावर चढवल्या. तिथं हमाल करून त्या समितीपुढं नेल्या आणि झाकणं उघडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते थेट माझ्याकडे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय झालं?"

"म्हणाले, एवढं सगळं काम झालंय, आता तुम्ही नवीन काय करणार?"

"आणि शेळी?"

"शेळीचं सांगितलं. हसले."

मला रडूच आलं, आणि मी समितीला चार शिव्याही दिल्या. प्रोफेसर शांत होते. "चिडू नका, सर. विषय तर उभा राहिला की नाही? मी लई लवकर गेलो, मग लई उशिरा गेलो. मधल्या वेळेला कुणी बोलावलंच न्हाई."

पुन्हा अर्ज त्यांनी केला नाही. पुढल्या वर्षी अलीगढच्या एका मुलीचं पत्र आलं. तिला याच विषयात प्रबंधाची परवानगी मिळाली होती आणि जुने निबंध मिळत नव्हते. यांनी दोन दिवस विचार केला आणि दोन्ही ट्रंका गोणपाटात शिवल्या. स्टेशनावर मीच सोबत गेलो. पार्सलच्या खिडकीतल्या बाबूनं पावती फाडताना विचारलं, "मालाची किंमत काय लिहू?"

जन्मभर किंमत, मागणी, पुरवठा शिकवलेला माणूस. ते ट्रंकेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मागची रांग कुरकुरायला लागली.

"लिहा काहीतरी," शेवटी म्हणाले, आणि चष्मा पुसत बाहेर गेले. आकडा मी सांगितला.