शब्बीरमामूंच्या फॉर्मवरचं 'नाही'

आजवर मी जे काही छापलं, ते दुसऱ्यांच्या लबाडीवर छापलं. ठेकेदार, चेअरमन, साहेब लोक — कुणालाच सोडलं नाही. माझी स्वतःची एक लबाडी मात्र कुठल्याच पत्रकात आली नाही. आईला माहीत नाही, ज्या संघटनेची पत्रकं मी लिहिते, तिथेही कुणाला माहीत नाही. तुम्हाला सांगते.

दुष्काळाचं साल होतं. ऊसच नव्हता, म्हणून आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप बंद, आणि कारखान्याचे ट्रकवाले पाण्याच्या टँकरवर लागलेले. आमची वस्ती डोंगरावर. शेवटच्या चढावर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून टँकर खालूनच उलटा, रिव्हर्समध्ये चढवत आणावा लागतो. बाकीचे ड्रायव्हर खाली रस्त्यावरच पाणी सोडून मोकळे व्हायचे. वर यायचे ते एकटे शब्बीरमामू, पाटोद्याचे. वळणावर त्यांचे तीन हॉर्न झाले, की बायका ड्रम सरकवायला लागायच्या.

तेव्हा आमचं आंदोलन चालू होतं — टँकरचालकांची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे! डॉक्टरचं तोंडही न बघता सर्टिफिकेटं मिळत होती. 'खोटं सर्टिफिकेट म्हणजे चाकावरचा खून' — हे पत्रकातलं वाक्य माझं. लई गाजलं होतं. शेवटी कारखान्याने शिबिर लावलं. पण भर बैठकीत चेअरमन माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या की तपासणी. गाड्या बंद पडल्या म्हणजे बायकांना आम्ही सांगू, तुमच्या ताईंनीच पाडल्या." ते हसले. सगळेच हसले.

ते हसणं लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

शिबिरात ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचे फॉर्म भरायला मी बसले. आपल्या प्रकृतीचं आधी आपणच लिहून द्यायचं, मग डॉक्टर डोळे बघणार, रक्तदाब बघणार. मामू समोर येऊन बसले. "काय गं पत्रकवाली, आज मामूची परीक्षा व्हय? नापास करू नकोस बरं." मी प्रश्न वाचून दाखवला — कधी फिट येणं, चक्कर येणं, अचानक शुद्ध हरपणं?

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग पुढे वाकून हळूच म्हणाले, "दोनदा आलीया चक्कर. डोळ्यापुढं समदं काळं. एकदा तर स्टेअरिंगवरच. घरी बी न्हाई सांगितलं. पर तूच लिव्हलंयस ना पत्रकात, लपवू नका म्हणून? मंग लिव्ह."

त्यांनी माझं पत्रक कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. आणि — खरं मानलं होतं.

मी 'नाही' लिहिलं. शाईचा पॅड पुढे सरकवला. त्यांनी अंगठा दिला. डॉक्टरांनी फॉर्मवर नजर टाकली, मामूंचे डोळे तपासले आणि पुढच्याला बोलावलं.

कशासाठी लिहिलं? वस्तीच्या पाण्यासाठी, आईच्या डोक्यावरच्या हंड्यासाठी — असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. तेही होतंच. पण मामूंना गाडीवरून उतरवलं असतं, तर बंद पडणारी पहिली गाडी माझ्याच वस्तीची असती. चेअरमनचं बोलणं खरं ठरलं असतं. ते हसणं मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. एवढंच? हो. एवढंच.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, टँकर चढावर आला. एक हॉर्न झाला, दुसरा झाला — आणि तिसरा थांबलाच नाही. मामू स्टेअरिंगवर कोसळले होते. गाडी घरंगळत खाली गेली आणि वळणावर उलटली. बायका वर होत्या, म्हणून वाचल्या. रस्ताभर पाणीच पाणी झालं. मामूंचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

चौकशीला साहेबांनी तो फॉर्म वाचून दाखवला. मामू म्हणाले, "म्या सांगितलं व्हतं, साहेब." साहेब म्हणाले, "मग हा अंगठा कुणाचा?" मामूंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. "माझाच." मी दारापाशी उभी होते, संघटनेच्या लोकांत. 'अक्षर माझं आहे' — तीन शब्द. किती वेळ लागतो तीन शब्दांना?

चालकाने आजार लपवला, असा शेरा पडला. त्यावर आम्ही निषेधाचं पत्रक काढलं — 'आजार लपवायला लावणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार असो!' तेही मीच लिहिलं. व्यवस्थेला शिव्या, आणि लपवणारे म्हणून त्यात शब्बीरमामू. पाटोद्यात चौकात ते मोठ्याने वाचलं गेलं.

मामू आता पुतण्याच्या फळाच्या गाड्याशेजारी स्टुलावर बसतात. कुबडी भिंतीला लावलेली. मागच्या महिन्यात त्यांनी मला हाक मारली. अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म भरायचा होता. "तुझं अक्षर चांगलं हाय. बाकी कुणावर भरोसा न्हाई आपला." एका रकान्यात होतं — अपघाताआधी काही त्रास? मी वाचून दाखवलं.

"न्हाई लिव्ह. मागच्या टायमाला बी न्हाईच सांगितलं व्हतं म्हनत्यात. मला आपलं वाटत ऱ्हायचं, सांगितलं व्हतं म्हनून. डोकंच दगा द्यायला लागलंय, बेटा."

मी लिहिलं. 'नाही'. पॅड पुढे सरकवला. त्यांनी अंगठा दिला, चिंधीला पुसला, आणि गाड्यावरची एक मोसंबी निवडून माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली.

त्यांचं डोकं शाबूत आहे. त्यांनी 'दोनदा' सांगितलं होतं. दोन्ही फॉर्मवरचं 'नाही' माझं आहे.